समुद्रफूल पंपात अडकू नये म्हणून

नवीन आणलेलं बबल-टिप समुद्रफूल (सी ॲनिमोन, फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) जागा पसंत पडेपर्यंत खाऱ्या पाण्याच्या टँकभर हिंडतं, आणि रात्रीत वेव्हमेकरमध्ये, म्हणजे टँकमध्ये प्रवाह तयार करणाऱ्या पंपात, ओढलं गेलं तर सकाळी चिंधड्याच दिसतात.

ते घरी येण्याआधीच वेव्हमेकरच्या जाळीवर मोठ्या छिद्रांचा फिल्टर स्पंज चढवा आणि झिप-टायने आवळा. सोडताना पंप अर्धा तास बंद ठेवून त्याला दगडाच्या खाचेत बसवा. बूड चिकटलं की पंप सुरू करा. स्पंज तुंबला की प्रवाह मंदावतो, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी तो टँकमधून काढलेल्या खाऱ्या पाण्यात पिळून घ्या. कंटाळवाणं आहे खरं, पण समुद्रफूल महिनाभर एकाच जागी टिकलं की स्पंज काढता येतो.

नको तिथे चिकटलं तरी ओढून सोडवू नका, बूड फाटतं.