टेपरेकॉर्डर सुरू झाला, पण...

माळ्यावरचा जुना टेपरेकॉर्डर खाली काढला. मोटर फिरत होती, कॅसेट मात्र ढिम्म. खोलून पाहिलं तर आतला रबरी बेल्ट वितळून डांबर झालेला; आधी बोटांना, मग शर्टालाही चिकटला. (जुना शर्ट घालूनच बसा.) आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या इअरबडने पुल्या (बेल्ट ज्यांवर बसतो ती चाकं) घासण्यातच तास गेला. बेल्टचं माप मिळेना, म्हणून पुल्यांभोवती दोरा गुंडाळून लांबी मोजली आणि त्याहून साधारण ५ टक्के लहान बेल्ट बसवला. फीत वाचणाऱ्या हेडवरची तपकिरी पूडही पुसली, तेव्हा कुठे दबका आवाज मोकळा झाला.

पहिल्या खरखरीलाच अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू! पण एक गाणं शोधायला फीत चार वेळा पुढे-मागे पळवायची, ९० मिनिटांची कॅसेट दर ४५ मिनिटांनी उठून उलटायची... हे सगळं मी साफ विसरलो होतो. तिसऱ्या दिवशी फीत रोलरमध्ये गुंतली. पेन्सिल घालून ती गुंडाळली आणि त्याच रात्री सगळ्या कॅसेटी लॅपटॉपवर उतरवायला घेतल्या.

आता गाणी मोबाइलवरच ऐकतो. टेपरेकॉर्डर महिन्यातून एकदा चालवतो, नवा बेल्ट एकाच जागी वाकून बसू नये म्हणून.