तंबोरा, ठेका आणि गळा एकाच फायलीत

मी मिरजेत गाणं शिकवते. समोर बसून शिकणाऱ्या अकरा जणी आहेत आणि चार जणी दूरच्या, त्यांतली एक मस्कतला. दूरच्यांसाठी दर आठवड्याला एक धडा संगणकावर रेकॉर्ड करून पाठवते. पडद्यावर बंदिशीचं स्वरलेखन असतं, संगणकातून तंबोरा आणि तबल्याचा ठेका वाजत असतो आणि त्यावर मी गाते, थांबते, समजावते. पडदा, संगणकाचा आवाज आणि माझा आवाज, तिन्ही एकाच वेळी टिपायचे असतात. हे जमायला मला बरेच महिने लागले. माझ्यासारख्या शिकवणाऱ्यांचा तेवढा वेळ वाचावा म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

दोन वर्षांपूर्वी मस्कतच्या मुलीला यमनमधला तीव्र मध्यम पहिल्यांदा हवा तसा लागला. शिकवणी व्हिडिओ कॉलवर चालली होती आणि मी ती रेकॉर्ड करत होते. पन्नास मिनिटांनी फाईल उघडली तर माझं बोलणं स्वच्छ, आणि ती गात होती तिथे शांतता. मला फार वाईट वाटलं, कारण तो मध्यम तिला परत ऐकवायचा होता. कारण नंतर कळलं. संगणकात आवाज बाहेर जायच्या वाटा एकाहून जास्त असतात: स्पीकर, इअरफोन, कधी मॉनिटरसुद्धा. कॉलचा आवाज इअरफोनच्या वाटेने येत होता आणि रेकॉर्डिंग करणारा प्रोग्राम स्पीकरच्या वाटेवर कान लावून बसला होता.

इथेच मूळ गोष्ट समजून घ्या. माइकचा आवाज आत येतो, संगणकाचा आवाज बाहेर जातो. या दोन वेगळ्या वाटा आहेत आणि रेकॉर्डिंग करताना दोन्हींवर स्वतंत्रपणे पहारा बसवावा लागतो. स्पीकर मोठा करून माइकलाच सगळं ऐकू द्यायचं, हा उपाय मी सुरुवातीला केला होता. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो झणझणीत नाद, त्यात पार मरते आणि खोलीचा घुमारा वर येतो. तो करू नका.

रेकॉर्डिंगसाठी मी ओबीएस स्टुडिओ हा प्रोग्राम वापरते. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो. विंडोज ११ मधल्या स्निपिंग टूलमध्येही आता पडद्यासोबत माइक आणि संगणकाचा आवाज घेता येतो. एखाद्या सहकाऱ्याला दोन मिनिटांत काही दाखवायचं असेल तर तेवढं पुरे. विंडोजचं बटण आणि जी दाबून उघडणारा गेम बारही आहे, पण तो एका वेळी एकाच प्रोग्रामची खिडकी घेतो, मोकळा डेस्कटॉप घेत नाही. गाण्याच्या धड्यासाठी मात्र आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर, म्हणजे एकाच फायलीतल्या सुट्या थरांवर हवेत, म्हणून ओबीएस.

ओबीएस पहिल्यांदा उघडताना तो विचारतो की वापर कशासाठी. तिथे फक्त रेकॉर्डिंगचा पर्याय निवडा. मग खाली 'सोर्सेस' नावाची चौकट दिसेल, तिथल्या अधिक चिन्हावर जा. पडदा घ्यायला दोन मार्ग आहेत: 'डिस्प्ले कॅप्चर' म्हणजे अख्खा पडदा आणि 'विंडो कॅप्चर' म्हणजे एकच खिडकी. मी नेहमी खिडकीच घेते. अख्खा पडदा घेतला की कोपऱ्यात उगवणारे निरोपही फायलीत जातात. एका विद्यार्थिनीच्या आईने फीबद्दल पाठवलेला निरोप असा दुसऱ्या चौघींना दिसता दिसता राहिला. फक्त ती खिडकी मध्येच मिनिमाइझ करू नका, नाहीतर चित्र गोठतं. लॅपटॉपवर डिस्प्ले कॅप्चर घेऊन नुसता काळा चौकोन दिसला, तर बहुधा लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप आहेत. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ओबीएसला 'पॉवर सेव्हिंग'वर ठेवा.

चित्र १२८० बाय ७२० आणि सेकंदाला ३० फ्रेम ठेवते. मुली फोनवर बघतात, त्यापेक्षा मोठ्याची गरज नाही. गरज आहे ती मोठ्या अक्षरांची. स्वरलेखनाचा फाँट मी २८ च्या खाली नेत नाही, कारण मंद्र सप्तकाचा स्वराखालचा ठिपका लहान पडद्यावर दिसेनासा होतो.

आता आवाज. आधी सेटिंग्जमधल्या 'ऑडिओ' पानावर जा. 'डेस्कटॉप ऑडिओ' म्हणजे संगणकातून बाहेर जाणारा सगळा आवाज, आणि 'माइक' म्हणजे तुमचा. दोन्हीकडे 'डिफॉल्ट' लिहिलेलं असतं. त्यावर विसंबू नका. इअरफोन लावला-काढला की डिफॉल्ट बदलतं आणि माझं झालं तसं होतं. यादीतून आपलं उपकरण नावाने निवडा. सँपल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा) ४८ किलोहर्ट्झ ठेवा आणि विंडोजच्या साउंड सेटिंगमध्येही तोच आहे ना ते बघून घ्या.

डेस्कटॉप ऑडिओ घेतला की संगणकातला प्रत्येक आवाज फायलीत येतो, निरोपाची टिंगसुद्धा. ओबीएसच्या २८व्या आवृत्तीपासून विंडोजवर 'ॲप्लिकेशन ऑडिओ कॅप्चर' नावाचा सोर्स मिळतो, त्यात एकेका प्रोग्रामचा आवाज वेगळा उचलता येतो. मी तंबोऱ्यासाठी एक जोडते आणि ठेक्यासाठी दुसरा. हे केलं की डेस्कटॉप ऑडिओ बंद करायचा. विसरलात तर तोच ठेका दोनदा रेकॉर्ड होतो आणि पत्र्याच्या डब्यात वाजल्यासारखा येतो. तंबोरा आणि ठेका दोन्ही ब्राउझरमध्ये वाजवत असाल तर दोन वेगळे ब्राउझर घ्या, एकाच ब्राउझरचे दोन टॅब असे सुटे होत नाहीत.

मॅकवाल्यांना थोडं वेगळं. मॅकचं स्वतःचं पडदा-रेकॉर्डिंग माइक घेत असे, पण आतला आवाज घेत नसे, म्हणून लोक ब्लॅकहोलसारखा आभासी साउंड ड्रायव्हर बसवायचे. मॅकओएस १३ पासून ओबीएसमधला 'मॅकओएस स्क्रीन कॅप्चर' सोर्स आतला आवाजही घेतो. लिनक्सवर आउटपुटचा 'मॉनिटर' असलेला सोर्स निवडायचा असतो.

यानंतर ट्रॅक. सेटिंग्जमधल्या 'आउटपुट' पानावर मोड 'ॲडव्हान्स्ड' करा, 'रेकॉर्डिंग' टॅबमध्ये ट्रॅक १, २ आणि ३ वर खुणा करा. मग ऑडिओ मिक्सरमधून 'ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज' उघडा. माइकला १ आणि २ द्या. तंबोरा आणि ठेक्याला १ आणि ३. म्हणजे पहिल्या ट्रॅकवर सगळं एकत्र, दुसऱ्यावर फक्त गळा, तिसऱ्यावर फक्त साथ. पहिल्यावर सगळं ठेवायचं कारण बहुतेक प्लेअर आपणहून पहिलाच ट्रॅक वाजवतात. माझा ठेका जरा मोठा झाला तर आता अख्खा धडा पुन्हा गावा लागत नाही, तेवढा ट्रॅक खाली आणता येतो. तुमचा माइक एकाच कानात ऐकू येत असेल तर याच चौकटीत 'मोनो'वर खूण करा.

गाण्यासाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. माइकच्या फिल्टरमध्ये 'नॉइज सप्रेशन' असतं आणि जो तो ते लावायला सांगतो. बोलण्यासाठी ते छानच आहे. पण त्याची समजूत अशी की न बदलता सतत चालणारा आवाज म्हणजे पंख्याची घरघर. आता विचार करा, तंबोरा काय करतो? आणि आपण षड्ज धरून बसतो तेव्हा काय करतो? मी खर्जाचा रियाज दाखवत होते, रेकॉर्डिंगमध्ये माझा सा पाच-सहा सेकंदांनी विरत गेला, पाण्यात बुडाल्यासारखा. गळ्यात दोष आहे असं वाटून मी तो चार वेळा गायले. दोष फिल्टरचा होता. म्हणून गाण्याच्या धड्यात नॉइज सप्रेशन बंद. विंडोजच्या माइक सेटिंगमध्ये 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' असतात, तीही बंद. पंखा हाताने बंद करा, खिडकीला जाड पडदा लावा, मागच्या भिंतीला गादी उभी करा. शेजारचा कुकर होईपर्यंत थांबा. फिल्टर म्हणून मी फक्त 'लिमिटर' ठेवते, अचानक वर गेलेल्या तानेसाठी.

व्हिडिओ कॉलवर हीच अडचण पलीकडच्या टोकालाही असते. झूममध्ये संगीतासाठी 'ओरिजिनल साउंड' नावाची सोय आहे, ती विद्यार्थिनीने तिच्याकडे चालू करायची. नाहीतर तिचा तंबोरा तुमच्यापर्यंत पोचणारच नाही. विंडोजची आणखी एक सवय: कॉल सुरू झाला की बाकीचे आवाज तो आपणहून ८० टक्क्यांनी कमी करतो. जुन्या साउंड पॅनेलमधल्या 'कम्युनिकेशन्स' टॅबवर जाऊन 'डू नथिंग' निवडा.

ऑडिओ मिक्सरमधल्या हिरव्या-पिवळ्या-लाल पट्ट्यांकडे बघायला शिका. शून्य डेसिबल ही भिंत आहे, तिला आवाज धडकला की फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. तार सप्तकातली तुमची सगळ्यात जोरकस तान गाऊन बघा, ती उणे १० च्या आसपास राहील इतका माइक ठेवा. बोलताना पट्टी खाली राहील, राहू द्या. तंबोरा मी उणे ३० च्या जवळ ठेवते. माइक तोंडापासून दीड वीत, जरा तिरका.

इअरफोन वायरचाच हवा, यावर मी ठाम आहे. ब्लूटूथ इअरफोनचा माइक चालू झाला की त्याच्या ऐकण्याचा दर्जा फोनवरच्या बोलण्याइतका खाली येतो. माइक वेगळा असला तरी ब्लूटूथमधून आवाज उशिरा पोचतो, २०० मिलिसेकंदांचा उशीर सहज होतो. ओबीएस मात्र ठेका वेळेवर टिपतो. मी ऐकते उशिरा, म्हणून गाते उशिरा. मिनिटाला १२० मात्रांच्या तीनतालात एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, म्हणजे मी जवळजवळ अर्धी मात्रा मागे. २४० च्या द्रुत लयीत तर मात्राच २५० ची असते. मला वाटत होतं सम नीट आली, आणि फायलीत ती दुसऱ्या मात्रेशी जाऊन टेकलेली. वायर लावूनही किंचित फरक उरला तर समेवर एक टाळी देऊन रेकॉर्ड करा, ऐका, आणि 'सिंक ऑफसेट'मध्ये ठेक्याला थोडे मिलिसेकंद वाढवत जा.

फाईल एमकेव्ही प्रकारात घ्या. साधी एमपी४ फाईल शेवटी नीट बंद झाली तरच उघडते, मध्येच वीज गेली तर सगळं जातं. एमकेव्हीमध्ये तोवरचं गाणं शाबूत राहतं. नंतर ओबीएसच्याच 'फाईल' मेनूतल्या 'रीमक्स रेकॉर्डिंग्ज'ने तिची एमपी४ करा, काही क्षणांत होते आणि दर्जा कमी होत नाही. चित्राला २५०० केबीपीएस धरलं तर २० मिनिटांचा धडा तिन्ही ट्रॅकसकट साधारण ४५० एमबी होतो.

कॉल रेकॉर्ड करणार असाल तर आधी विचारा. झूमचं स्वतःचं रेकॉर्डिंग सुरू झालं की समोरच्याला सूचना जाते, ओबीएसचं कळतच नाही. म्हणूनच सांगण्याची जबाबदारी आपली. लहान मुलगी असेल तर मी पालकांना विचारते आणि फाईल त्या घराबाहेर जाऊ देत नाही.

सगळं जुळलं की दहा सेकंद रेकॉर्ड करा: तंबोरा सुरू, एक आवर्तन ठेका, एकदा सा, आणि एक वाक्य बोलून. मग ती फाईल खरोखर उघडून ऐका. पट्ट्या हलताना दिसल्या म्हणून समाधान मानू नका. मी हे प्रत्येक धड्याआधी करते, कालच केलेलं असलं तरी.

व्हॉट्सॲपवर पाठवताना व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबून लहान केला जातो. नावात राग, ताल आणि तारीख टाकते. मस्कतची मुलगी फाईल व्हीएलसी या प्लेअरमध्ये उघडते, आधी पहिला ट्रॅक दोनदा ऐकते. मग ऑडिओ मेनूतून तिसरा ट्रॅक लावते. माझा गळा बाजूला होतो, पडद्यावर स्वर तसेच सरकत राहतात, आणि तंबोऱ्यावर ती गाते.