पोरगं एसपीआयला गेलं, आता घरच्यांनी काय करायचं

तुमच्या मुलाचं नाव एसपीआयच्या, म्हणजे सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूटच्या, यादीत आलं असेल, तर पेढे वाटा, अगदी मनापासून वाटा. दहावीचं पोर आधी लेखी परीक्षेत टिकतं, मग मुलाखतीत अनोळखी माणसांसमोर नजर न झुकवता बोलतं, ही लहान गोष्ट नाही. महाराष्ट्रातून लष्करी अधिकारी घडावेत म्हणून राज्य सरकारने १९७७ साली ही संस्था औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, सुरू केली. तिथे दरवर्षी मोजकीच मुलं घेतात. आपलं पोर त्यांत आहे म्हटल्यावर आईबापाचा ऊर भरून येणारच. माझा आजही येतो. पण हा अभिमान कुणाच्या खांद्यावर पडतो, ते सुरुवातीलाच पाहून घ्या. आमच्या घरी तो सोळा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर पडला होता आणि आम्हाला ते फार उशिरा कळलं.

माझा मुलगा तिकडे रुळायच्या आत गावच्या एसटी स्टँडवर फ्लेक्स लागला. मंडळाच्या पोरांनी वर्गणी काढून, प्रेमाने लावला. त्यावर त्याचा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत ‘भारतीय सैन्यदलात अधिकारीपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. त्याचे काका त्याला कॅप्टन म्हणू लागले, मामाकडे तर मेजरच झाला. दिवाळीच्या सुट्टीत आला तेव्हा शाळेत सत्कार, शाल, श्रीफळ. घरात सगळ्यांना भरून आलं होतं. त्या गर्दीत खरी परिस्थिती ठाऊक असलेला तो एकटाच होता.

ही परिस्थिती तुम्हालाही ढोबळमानाने माहीत असेल, तरी सविस्तर लिहिते, कारण नातेवाइकांना ती तुम्हालाच समजावून सांगावी लागणार आहे. एसपीआय असो, साताऱ्याचं सैनिक स्कूल असो, नाशिकचं भोसला मिलिटरी स्कूल असो की डेहराडूनचं आरआयएमसी हे लष्करी विद्यालय, तिथला प्रवेश म्हणजे तयारीची जागा मिळाली. अधिकारी होण्याची वाट त्यानंतर सुरू होते. एनडीए म्हणजे खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, अधिकारी घडतात ती. तिची लेखी परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते. गणिताला ३०० गुण, सामान्य क्षमता चाचणीला ६०० आणि चुकलेल्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा. अर्ज लाखोंनी येतात, एका कोर्सच्या जागा असतात ४०० च्या आसपास. लेखीतून वर आलं की एसएसबी, म्हणजे निवड मंडळाच्या पाच दिवसांच्या चाचण्या आणि मुलाखत, तिला पुन्हा ९०० गुण. एसएसबीने रेकमेंड केलं की मेडिकल. मेडिकलमध्ये फिट ठरूनही शेवटच्या मेरिट लिस्टमध्ये नाव खाली राहिलं तर जागा मिळत नाही. रेकमेंड झालेली, पूर्ण फिट असलेली मुलंही यादीबाहेर राहतात. हे वाक्य मामा-काकांना दोनदा ऐकवा.

माझ्या मुलाचं पहिलं एसएसबी भोपाळला होतं. पहिल्याच दिवशी स्क्रीनिंग असतं. आधी बुद्धिमत्ता चाचणी, मग अर्धा मिनिट एक धूसर चित्र दाखवतात, चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची, ती गटात सांगायची आणि मग चर्चा. त्यांच्या गटाचा मासळीबाजार झाला आणि तो स्क्रीन आऊट झाला. दुपारनंतर नंबर पुकारले, त्यात त्याचा नव्हता. असं होतं. आज अधिकारी असलेल्यांतले कितीतरी जण कधी ना कधी पहिल्याच दिवशी परत आलेले आहेत.

पण त्याने आम्हाला काहीच सांगितलं नाही. फोनवर म्हणाला, ‘चालू आहे, आई.’ तिथून तो पुण्याला मित्राच्या खोलीवर गेला आणि एसएसबी पाच दिवसांचं असतं म्हणून हिशेबाने तेवढे दिवस काढून घरी आला. मला कळलं ते त्या मित्राच्या आईकडून. मी त्याला इतकंच विचारलं की बाळा, सरळ घरी का नाही आलास? तो म्हणाला, ‘स्टँडवर उतरावं लागलं असतं ना.’

यावर मी फार बोलते असं घरचे म्हणतात, पण बोलणार. नापास होणं त्या पोराने पचवलं असतं, ती मुलं घट्ट असतात. त्याला पेलवत नव्हता तो चौकातला फोटो. आणि या भीतीचा थेट परिणाम पुढच्या प्रयत्नावर होतो. एसएसबीच्या दुसऱ्या दिवशी मानसशास्त्रीय चाचण्या असतात. शब्दांच्या चाचणीत ६० शब्द, प्रत्येकावर वाक्य लिहायला १५ सेकंद. तेवढ्यात ठरवून काही लिहिता येत नाही, मनात असेल तेच कागदावर येतं. ज्याच्या मनात ‘गावात तोंड कसं दाखवू’ एवढंच घोळतंय, त्याच्या वाक्यावाक्यात तेच डोकावणार. गटाच्या कामांतही चुकण्याच्या धाकाने तो मागे मागे राहतो. म्हणून आधीच बजावते, बॅनर लावू देऊ नका. सत्कार करायचाच असेल तर दहावीच्या गुणांचा करा. कॅप्टन, मेजर या हाका पहिल्याच दिवशी बंद करा, मग म्हणणारे वाईट वाटून घेतील तरी चालेल. मी मंडळाच्या पोरांकडे गेले, सगळं सांगितलं. त्यांनी त्याच रात्री फ्लेक्स उतरवला आणि वर मलाच म्हणाले, ‘काकू, आधी सांगायचं ना.’ माणसं वाईट नसतात हो, त्यांना माहीत नसतं.

फोन लावाल तेव्हा मॉक टेस्टचे गुण पहिल्या वाक्यात विचारू नका. गुण विचारायला तिथे माणसं आहेत. जेवणात काय होतं, कुणाशी भांडण झालं, पळताना पाय दुखतोय का, हे विचारा. पहिले काही महिने पोर रडवेलं बोलेल. पहाटेची पीटी, दिवसा कॉलेज, संध्याकाळी खेळ, रात्री अभ्यास, आणि गणित अचानक इंग्रजीतून. धीर धरा. बहुतेक मुलं दुसऱ्या सहामाहीपर्यंत सावरतात आणि सुट्टीत घरी आली की स्वतःचं ताट स्वतः घासतात.

आता आडवाटांबद्दल. ‘रेकमेंडेशनची हमी’ देणाऱ्या क्लासला एक रुपया देऊ नका. हमी देण्यासारखं त्यांच्या हातात काही नाही. चित्रांवरच्या पाठ करून घेतलेल्या गोष्टी तिथले मानसशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं वाचत आलेले असतात. सैनिक स्कूलची ‘सीट काढून देतो’ म्हणणारा भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा, ती निवड परीक्षेच्या गुणांवर आणि मेडिकलवर होते. माझं तर स्पष्ट मत आहे की महागड्या क्लासपेक्षा गावातला एखादा निवृत्त सुभेदार शंभर पटींनी बरा. आमच्याकडचे सुभेदार सुट्टीत मुलाला पहाटे पळायला न्यायचे, परतताना पारावर बसवून म्हणायचे, कालची बातमी सांग आणि तुझं मत सांग. मत पटलं नाही की वाद घालायचे. पैसे विचारले तर रागवायचे. अधिकाऱ्यांनीच मार्गदर्शन करावं असा हट्ट धरणाऱ्या पालकांनी आधी आपल्या गावात कोण आहे ते पाहावं.

मेडिकलची तपासणी मात्र आजच करून घ्या. रंगांधळेपणा साध्या ठिपक्यांच्या पुस्तकावर काही मिनिटांत कळतो, त्यावर उपचार नाही आणि तो दोन वर्षांच्या मेहनतीनंतर कळला तर पोर कोलमडतं. चष्म्याचा नंबर, गुडघे एकमेकांना लागतात का, तळपाय सपाट आहेत का, कान, दात, सगळं एखाद्या चांगल्या डॉक्टरांना दाखवा. बऱ्याच गोष्टी वेळेत कळल्या तर दुरुस्त होतात.

मुलींच्या आयांनो, तुमच्यासाठीही हे सगळं तसंच्या तसं आहे. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मुलींना एनडीएची परीक्षा खुली झाली आणि मे २०२५ मध्ये १७ मुलींची पहिली तुकडी खडकवासल्यातून पदवी घेऊन बाहेर पडली. एसपीआयसारखी मुलींची संस्था नाशिकला आहे. मुलीच्या बाबतीत चौकातला फ्लेक्स आणखी मोठा लागतो आणि परत आली तर बोलणारेही जास्त असतात, तेव्हा दुप्पट सावध राहा.

शेवटचं, बारावीच्या वर्षाचं. एनडीए साडेसोळा ते साडेएकोणीस या वयात देता येते, म्हणजे एका अपयशाने दार बंद होत नाही. पदवीनंतर यूपीएससीची सीडीएस परीक्षा आहे, हवाई दलासाठी त्यांची स्वतःची एएफसीएटी परीक्षा आहे. बारावीनंतर सैन्याची टेक्निकल एंट्री आहे, नौदलाची बी.टेक. एंट्री आहे, पण या दोन्हींसाठी जेईई मेन दिलेली असावी लागते. काही पालक तो फॉर्म भरू देत नाहीत. म्हणतात, दुसरा पर्याय ठेवला की पोराचा निश्चय ढिला पडतो. असं काही होत नाही, उलट एसएसबीच्या खोलीत ते मोकळ्या श्वासाने बसतं. जेईईचा आणि सीईटीचा, दोन्ही फॉर्म भरा. मुलाला तिथे वेळ मिळत नसेल तर फोटो, सही आणि दहावीचं मार्कशीट मागवून घ्या आणि तुम्ही स्वतः भरा.