चित्रकाराचे संकेतस्थळ उभारताना : टाळता येण्याजोग्या चुका

कापूरबावडीच्या ठाणे कलाभवनात चित्रप्रदर्शन पाहायला आलेला माणूस चित्रासमोर उभा राहतो, दोन पावले मागे सरतो, मग अगदी जवळ जाऊन रंगाचा थर न्याहाळतो, शेजारची पट्टी वाचतो आणि मन झालेच तर कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेल्या चित्रकाराशी दोन शब्द बोलतो. संकेतस्थळावर आलेल्या माणसाला यांपैकी एकही गोष्ट आपल्या मनाने करता येत नाही; आपण जेवढी सोय करून ठेवू, तेवढीच त्याच्या वाट्याला येते. ठाणे आणि नवी मुंबईतील चित्रकार मित्रांची संकेतस्थळे उभारताना व दुरुस्त करताना माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक चुका ही साधी गोष्ट विसरल्यामुळे झालेल्या होत्या. पैसा कमी पडल्याने बिघडलेली संकेतस्थळे त्या मानाने थोडीच.

सुरुवात नावापासून

माझ्या स्वतःच्या पहिल्या संकेतस्थळाची गोष्ट येथे सांगणे भाग आहे. ज्या गृहस्थांनी ते बनवून दिले, त्यांनी डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या ईमेलवरून घेतले होते, हे मला दोन वर्षांनी नूतनीकरणाची वेळ आल्यावर कळले. तोपर्यंत ते फोन उचलेनासे झाले होते. नाव हातचे गेले आणि त्या पत्त्यासह छापलेली पाचशे कार्डे रद्दीत गेली. म्हणून संकेतस्थळ कोणीही बनवो, डोमेनचे खाते आपल्या नावाने, आपल्या ईमेलवर आणि आपल्या मोबाइल क्रमांकावर असावे. त्याचा पासवर्ड आपल्याकडे असावा आणि आपोआप नूतनीकरणाची सोय चालू ठेवावी.

नाव ठरवताना रोमन स्पेलिंगकडे लक्ष द्यावे. क्षीरसागर किंवा ज्ञानेश्वर यांसारखी नावे रोमन लिपीत चार प्रकारे लिहिली जातात. आपल्या जुन्या कॅटलॉगवर आणि इन्स्टाग्रामवर जे स्पेलिंग आहे, तेच डोमेनमध्येही ठेवावे.

त्यानंतर निवड

चाळीस वर्षांत केलेले सगळे काम एकाच ठिकाणी मांडण्याचा मोह समजण्यासारखा आहे, पण तो आवरावा. कला महाविद्यालयातील अभ्यासचित्रे, भाचीच्या लग्नात काढलेले स्केच आणि मागच्या वर्षीची खाडीवरची तैलचित्रे एकाच रांगेत लागली, की पाहणाऱ्याला चित्रकार नेमका कोणता, हेच कळत नाही. पंचवीस-तीस चित्रे पुरतात. ती मालिकांमध्ये विभागावीत, प्रत्येक मालिकेला नाव व दोन-तीन वाक्यांची ओळख द्यावी आणि सर्वांत अलीकडची मालिका प्रथम ठेवावी.

दोन पावले मागे आणि अगदी जवळ

सर्वाधिक नुकसान होते ते छायाचित्रांत, त्यामुळे येथे घाई करू नये. चित्र काचेच्या फ्रेममध्ये असेल तर आधी बाहेर काढावे, कारण काचेत खिडकी, पंखा आणि छायाचित्र काढणाऱ्याचे पोट हे सगळे उतरते. चित्र भिंतीवर सरळ टांगावे, कॅमेऱ्याची भिंग चित्राच्या मध्याच्या उंचीवर आणि चित्राच्या पृष्ठभागाशी समांतर धरावी. अन्यथा आयताचे समलंब चौकोन होतात. थेट ऊन नको, खिडकीतून येणारा पसरट उजेड हवा. पावसाळ्यातील ढगाळ दुपारचा उजेड एकसारखा असतो, मात्र तो निळसर असतो. त्यातच खोलीतला ट्यूबलाइटही चालू ठेवला तर एका बाजूला निळसर आणि दुसऱ्या बाजूला हिरवट छटा येते, आणि ती नंतर सुधारणे कठीण जाते. त्यामुळे एकाच प्रकारचा उजेड वापरावा आणि पहिल्या छायाचित्रात चित्राशेजारी करड्या रंगाचे कार्ड धरून पांढऱ्या रंगाचा तोल (व्हाइट बॅलन्स) त्यावरून बसवावा. दिवे वापरायचे असतील तर दोन सारखे दिवे, दोन्ही बाजूंनी सुमारे ४५ अंशांत ठेवावेत. तैलरंगावरची चकाकी त्याने बरीच कमी होते.

फोनमधील ‘रंग खुलवण्याची’ सोय बंद ठेवावी. पडद्यावर झगझगीत दिसलेला गेरू प्रत्यक्षात मातकट निघाला, तर चित्र घरी नेणारा माणूस फसल्यासारखा होतो, आणि त्यात त्याची काही चूक नसते.

प्रत्येक चित्राची निदान दोन छायाचित्रे असावीत : एक पूर्ण चित्राचे, कडा न कापलेले, आणि दुसरे कुंचल्याचे फटकारे किंवा कागदाचा पोत दाखवणारे. मोठ्या आकाराच्या चित्राचे एखादे छायाचित्र खुर्ची किंवा दरवाजा असलेल्या भिंतीवरचे द्यावे, म्हणजे आकाराचा अंदाज येतो.

यानंतरची चूक वजनाची. फोनने काढलेले एक छायाचित्र सहज पाच एमबीचे असते. अशी वीस छायाचित्रे एका पानावर टाकली, तर ते पान शंभर एमबीचे होते आणि मोबाइल डेटावर ते उघडेपर्यंत पाहुणा निघून गेलेला असतो. मूळ फाइल आपल्याकडे जपून ठेवावी आणि संकेतस्थळासाठी वेगळी प्रत करावी : लांब बाजू सुमारे २००० पिक्सेल, प्रकार जेपेग किंवा वेबपी, वजन शक्यतो ४०० केबीच्या आत आणि रंगपद्धती एसआरजीबी, म्हणजे बहुतेक पडदे गृहीत धरतात ती. छपाईसाठी वापरली जाणारी ॲडोबी आरजीबी पद्धत तशीच राहिली, तर अनेक पडद्यांवर चित्र फिकट दिसते आणि दोष मात्र कॅमेऱ्याला दिला जातो.

शेजारची पट्टी

शीर्षक, वर्ष, माध्यम, आकार आणि चित्र उपलब्ध आहे की नाही, एवढी माहिती प्रत्येक चित्राखाली असायलाच हवी. आकार लिहिताना उंची आधी आणि रुंदी नंतर लिहिण्याची रूढी पाळावी : ९० × ६० सें.मी. म्हणजे उभे चित्र. नुसते ‘मिश्र माध्यम’ लिहिण्याऐवजी ‘हॅण्डमेड कागदावर शाई आणि ॲक्रिलिक’ असे लिहिले, तर त्यातून खरोखर काही समजते. सहा चित्रांना ‘शीर्षकहीन’ म्हणायचे असेल तर त्यांना क्रमांक द्यावेत, नाहीतर फोनवर बोलताना ‘ते डावीकडचे, निळे’ असे सांगण्याची पाळी समोरच्यावर येते. विकले गेलेले चित्र काढून टाकू नये. ‘खासगी संग्रहात’ असे लिहून तेथेच ठेवावे.

किमतीबाबत मतभेद आहेत. मला असे वाटते की, प्रत्येक चित्राखाली ‘किमतीसाठी संपर्क साधा’ लिहिले की संकोची ग्राहक गप्प बसतो. आकडा लिहिणे नको वाटत असेल तर मालिकेपुरती किमान व कमाल मर्यादा द्यावी. दालनात एक आणि संकेतस्थळावर दुसरी, असे मात्र कधीही होऊ देऊ नये.

मराठी मजकूर नीट दिसण्यासाठी

जुन्या कॅटलॉगमधील मजकूर अनेकदा डीटीपीच्या, म्हणजे संगणकावरील छपाईच्या जुळणीच्या, जुन्या फॉण्टमध्ये असतो; युनिकोड ही सर्व संगणकांना समजणारी अक्षरांची पद्धत रूढ होण्यापूर्वीचे हे फॉण्ट. तो उचलून चिकटवला की पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग उमटते. कंटाळून काही जण त्या पानाचे चित्रच संकेतस्थळावर लावतात. त्यातील एकही शब्द शोधयंत्राला नीट सापडेल याची खात्री नसते, फोनवर तो वाचण्याइतका मोठा होत नाही आणि दृष्टिहीन वाचकाला मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरलाही त्याचा फारसा उपयोग होत नाही. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा किंवा सरळ पुन्हा टंकित करावा.

फॉण्ट निवडताना मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त वापरासाठी खुले असलेले मुक्ता आणि बलू हे फॉण्ट पाहावेत. आणखी एक गोष्ट बहुतेक संकेतस्थळे बनवणाऱ्यांना ठाऊक नसते : पानाच्या संकेतनात (कोडमध्ये) भाषा इंग्रजी किंवा हिंदी नोंदवलेली असेल, तर ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे हिंदी वळणाने उमटू शकतात. भाषा मराठी अशी नोंदवली आणि फॉण्टमध्ये तशी सोय असली, की आपल्या वळणाचा ल आणि श मिळतो. ज्याने आयुष्यभर रेषेच्या वळणावर काम केले, त्याच्या पानावर हे दिसले पाहिजे, एवढा हट्ट धरायला हरकत नाही. ओळींमधील अंतर इंग्रजीपेक्षा थोडे अधिक ठेवावे, म्हणजे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकणार नाही. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरे वापरू नयेत.

परिचयात स्वतःला ‘सुप्रसिद्ध’ म्हणू नये. कोठे शिकलो, कशावर काम करतो आणि कोणत्या साली कोठे प्रदर्शने झाली, एवढे पुरे.

कोपऱ्यातली खुर्ची

संपर्काची सोय प्रत्येक पानाच्या तळाशी असावी. केवळ फॉर्मवर विसंबू नये, कारण त्यातून येणारे निरोप अनेकदा स्पॅममध्ये पडतात. सोबत ईमेल आणि व्हॉट्सॲपचा कामासाठीचा वेगळा क्रमांक द्यावा. घराचा पूर्ण पत्ता देऊ नये; ‘नेरुळ, नवी मुंबई, भेट आधी ठरवून’ एवढे पुरते.

चोरीच्या भीतीने चित्रावर आडवे नाव छापणारे पुष्कळ आहेत. चोर त्याने फारसा अडत नाही आणि चित्र मात्र दिसेनासे होते. लहान आकाराची प्रत हाच बरा उपाय. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार मूळ चित्र विकले, तरी हक्क लेखी हस्तांतरित केल्याखेरीज तो चित्रकाराकडेच राहतो. मात्र मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या व्यक्तिचित्राचा प्रथम हक्क, वेगळा करार नसेल तर, काम सांगणाऱ्याचा असतो. अशी व्यक्तिचित्रे संकेतस्थळावर लावण्यापूर्वी लेखी परवानगी घ्यावी.

आपोआप वाजणारी बासरी, ‘प्रवेश करा’ असे म्हणणारे कोरे पहिले पान आणि स्वतःहून सरकणारी चित्रे यांविषयी एवढेच सांगतो, की ती काढून टाकावीत.

प्रसिद्ध करण्यापूर्वी

घरच्या वायफायवर आणि मोठ्या पडद्यावर सगळेच सुंदर दिसते. संध्याकाळी सातच्या गर्दीत ठाणे स्थानकाच्या फलाटावर, साध्या फोनवर, मोबाइल डेटा वापरून संकेतस्थळ उघडून पाहावे. मग चित्रकलेशी संबंध नसलेल्या एखाद्या शेजाऱ्याच्या हाती तो फोन द्यावा आणि कोणत्याही एका चित्राचा आकार व चित्रकाराचा क्रमांक शोधायला सांगावे. तो शोधत असताना आपण मध्ये बोलू नये. त्याचे बोट जेथे अडते, ते ठिकाण लिहून घ्यावे आणि त्याच रात्री दुरुस्त करावे.

‘आगामी प्रदर्शन’ असे पान वर्षातून दोन वेळा तरी बदलणे जमणार असेल, तरच ते ठेवावे. तीन वर्षांपूर्वीचे आगामी प्रदर्शन वाचून, चित्रकार अजून काम करतात ना, असे विचारणारा फोन माझ्या एका ज्येष्ठ मित्राच्या घरी खरोखर आला होता.