सड्यावर लपवलेला डबा कसा शोधावा

जिओकॅशिंग म्हणजे उपग्रहांच्या मदतीने खेळायचा लपंडाव. कोणीतरी डबा लपवतो आणि त्याचे अक्षांश-रेखांश जिओकॅशिंगच्या ॲपवर टाकतो. आपण तो शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचे, डबा होता तिथेच ठेवायचा. २ मे २००० रोजी अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संदेशांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनमध्ये पहिला डबा लपला.

गोव्यात हा खेळ डोंगरमाथ्यावर खेळायचा तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस. पावसाळ्यात जांभ्यावर, म्हणजे इथल्या लाल सच्छिद्र दगडावर, शेवाळ धरते; एप्रिलात सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, सावलीच नसते. पारोड्याच्या चंद्रनाथ डोंगरासारखी, वरपर्यंत रस्ता असलेली जागा नवख्याला बरी.

आधी घरीच ॲपमध्ये खाते उघडा आणि जायच्या भागात डबे आहेत का ते पाहा. काही डबे पैसे भरणाऱ्या सदस्यांनाच दिसतात. शोधण्याचा अवघडपणा आणि वाटेचा खडतरपणा या दोन्हींना १ ते ५ गुण असतात. सुरुवातीला दोन्ही २ च्या आतले घ्या. शेवटच्या नोंदी वाचा. लागोपाठ तिघांना डबा सापडला नसेल तर तो बहुधा गेलेलाच असतो. नकाशा उतरवून ठेवा, माथ्यावर रेंजचा भरवसा नाही. सोबत माणशी दोन लिटर पाणी, पॉवरबँक, काठी, बूट आणि पेन. पेन विसरणारे बरेच!

आकडे हाताने भरताना सगळ्यात जास्त घोळ होतो. उ १५° १०.२५० म्हणजे उत्तर १५ अंश आणि १०.२५० मिनिटे. तेच १५.१०२५० असे टाकले तर तुम्ही साडेसात किलोमीटर दक्षिणेला पोचता.

मोकळ्या आकाशाखाली फोन साधारण पाच मीटरपर्यंत आणतो, झाडीत त्याहून कमी नेमका. डब्याजवळ पोचलात की ॲपमधला बाण गरगरतो, कारण फोनची चूकच उरलेल्या अंतराएवढी असते. म्हणून तीसेक पावले मागे जा, दुसऱ्या बाजूने सावकाश या, अंतर शून्य झाले तिथे खडा ठेवा. असे तीनदा करा. तीन खड्यांच्या मधोमध उभे राहा आणि फोन खिशात टाका. आता 'इथे मी काय लपवले असते?' हा प्रश्न. एकट्या खडकाखालची चीर, कुंपणाचा खांब, मुळांची बेचकी, आणि विनाकारण नीट रचलेले तीन-चार चिरे! डबा फिल्मच्या डबीएवढाही असू शकतो.

भोकात हात मात्र कधीच घालू नका. जांभ्याच्या सांदीत फुरसे आणि विंचू असतात. आधी काठीने ठोका, मग टॉर्च मारून बघा.

आसपास लोक असतील तर थांबा. बघणाऱ्याने डबा कचरा किंवा संशयास्पद वस्तू समजून उचलला की तो संपला. डब्यात अदलाबदलीसाठी ठेवलेली वस्तू घेतलीत तर तेवढ्याच मोलाची ठेवा. खाऊ ठेवू नका, मुंग्या आणि माकडे येतात. झाकण दाबून बंद करा, कारण कोकणच्या दमट हवेत वहीचा लगदा व्हायला एक पाऊस पुरतो. सापडला नाही तर तशीच नोंद करा; आपला नवा डबा ठेवून 'सापडला' लिहिणे ही लबाडी आहे.

स्वतः लपवायचा असेल तर जमीनमालकाची परवानगी आधी. गोव्यात पुष्कळ सडे कोमुनिदादीचे, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेचे आहेत, तिथे विचारा. दुसऱ्या डब्यापासून किमान १६१ मीटर अंतर हवे, खणायचे नाही, आणि किल्ल्याच्या भिंतीतला चिरा हलवायचा नाही.