हॉस्टेलच्या मेसशेजारी मार्गदर्शनाचं टेबल कसं लावायचं

खानापूर, निपाणी, चिकोडीकडची आणि सीमेपलीकडून महाराष्ट्रातल्या चंदगडहून आलेली बरीच मुलं बेळगावच्या कॉलेजांत हॉस्टेलवर राहून शिकतात. कागदोपत्री प्रत्येकाला मेंटर, म्हणजे मार्गदर्शक शिक्षक असतो, नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फाइलीत सह्याही असतात. पण मुलगा मेंटरच्या केबिनपर्यंत पोचतो तो हॉल तिकीट अडकल्यावर. तोवर सत्र हातचं गेलेलं असतं. म्हणून मेंटरनेच हॉस्टेलवर जायचं. त्याला निधी लागत नाही. ठरलेली वेळ आणि ती न मोडण्याची शिस्त लागते.

टेबल मेसमधून दिसेल, पण बोलणं तिथवर ऐकू जाणार नाही अशा जागी मांडा. वॉर्डनच्या ऑफिसात कधीच नको. वॉर्डन घरी फोन करतो हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे तिथे कुणी खरे मार्क सांगत नाही. मंगळवार आणि गुरुवार, जेवणानंतर रात्री ८.१५ ते ९.४५ ही वेळ जमते. शनिवारी अर्धं हॉस्टेल गावी गेलेलं असतं. मुलींच्या हॉस्टेलवर शिक्षिका असाव्यात. त्या नसतील तर व्हिजिटर रूम, दार उघडं, आणि सोबत तिथली महिला कर्मचारी.

टेबलावर दोघं बसतात : एक शिक्षक आणि एक सीनियर विद्यार्थी. सीनियर निवडताना टॉपर शोधू नका. ज्याचे एक-दोन विषय राहिले होते आणि ज्याने ते सोडवले, त्याच्याशी ज्युनियर मोकळेपणाने बोलतात. माणशी १५ मिनिटं धरली तर एका रात्री दोघांचे मिळून १२ जण होतात, आठवड्याला २४. शंभर मुलांच्या हॉस्टेलला एक फेरी पुरी व्हायला महिना उलटेल. म्हणून पहिल्या फेरीत फक्त पहिल्या वर्षाची आणि बॅकलॉगवाली मुलं घ्या. नोटीस लावून कुणी येत नाही. आदल्या दिवशी खोलीवर नावांची चिठ्ठी द्या.

‘अभ्यास कसा चाललाय?’ असं विचारलं की ‘चाललाय सर’ एवढंच उत्तर येतं. ‘पहिल्या इंटर्नलला कुठल्या विषयात सगळ्यात कमी पडले?’ असं विचारा. प्रत्येकाचं एक कार्ड ठेवा : विषय, इंटर्नलचे (कॉलेजातल्या अंतर्गत परीक्षेचे) मार्क, झालेले तास, हजर तास, आणि पुढच्या भेटीपर्यंत करायचं एकच काम. तीन कामं लिहिली तर एकही होत नाही.

हजेरीचा हिशेब टेबलावरच करून दाखवा. ७५ टक्के हवे असतील तर झालेल्या तासांची तिप्पट घ्या आणि त्यातून हजर तासांची चौपट वजा करा. उरतील तेवढे तास सलग बसावं लागेल. ४० पैकी २६ हजर असेल तर १२० वजा १०४, म्हणजे १६ तास. व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या) इंजिनिअरिंगला नियम ८५ टक्क्यांचा आहे. तिथे ४० पैकी ३२ म्हणजे ८० टक्के असूनही सलग १४ तास बसावं लागतं. मुलाला हा आकडा ऐकून धक्का बसतो, आणि तो बसायलाच हवा. गणपतीचे दिवस आणि गावची लक्ष्मी यात्रा यांतच हजेरी घसरते, त्यामुळे हा हिशेब गणपतीआधी एकदा आणि नंतर लगेच एकदा करा.

मार्कांचं गणितही असंच मांडा. व्हीटीयूच्या २०२२ च्या स्कीममध्ये, म्हणजे त्या वर्षीच्या अभ्यासक्रम-नियमांत, इंटर्नलला ५० पैकी किमान २० लागतात; ते नसतील तर त्या विषयाच्या परीक्षेलाच बसता येत नाही. पेपरला १०० पैकी ३५ हवेत, आणि पेपरचे मार्क निम्मे करून इंटर्नलमध्ये मिळवल्यावर एकूण १०० पैकी ४० हवेत. म्हणजे इंटर्नलला काठावर २० असतील त्याला पेपरात ३५ पुरत नाहीत, ४० लागतात. ही खोच पहिल्या वर्षाच्या मुलांना सहसा ठाऊक नसते. स्कीम बदलली की नियम बदलतात, म्हणून कार्डावर मुलाची स्कीम लिहून ठेवा.

चंदगडकडच्या मुलांचा कन्नडचा विषय वेगळा तपासा. ज्यांना कन्नड येत नाही त्यांच्यासाठी ‘बळके कन्नड’ आहे, येणाऱ्यांसाठी ‘सांस्कृतिक कन्नड’. चुकून दुसऱ्यात नाव पडलं तर १ क्रेडिटसाठी सत्रभर डोकेदुखी. कर्नाटकातल्या मराठी शाळांत शिकलेल्यांना कन्नड वाचता येतं, पण सरकारी परिपत्रकाची भाषा जड जाते. कन्नड चांगलं येणारा एक सीनियर टेबलावर असेल तर निम्मं काम हलकं होतं.

स्कॉलरशिपसाठी एक रात्र राखून ठेवा. कर्नाटकातल्या मुलांचा एसएसपी या राज्याच्या स्कॉलरशिप पोर्टलवरचा अर्ज बहुतेकदा तीन ठिकाणी अडतो : आधारवरचं नाव आणि दहावीच्या मार्क्सकार्डावरचं नाव जुळत नाही, नाडकचेरीच्या (कर्नाटकातल्या महसूल कार्यालयाच्या) जात-उत्पन्न दाखल्यावरचा आरडी नंबर चुकतो, किंवा बँक खातं एनपीसीआयशी (बँकांमधली देवघेव सांभाळणाऱ्या संस्थेशी) आधारने जोडलेलं नसतं. नावाची दुरुस्ती वेळखाऊ, ती आधी हातात घ्या. चंदगडच्या मुलांना महाडीबीटी हे महाराष्ट्राचं पोर्टल पाहावं लागतं. दोन्ही याद्या वेगळ्या ठेवा.

कार्डं शिक्षकाच्या ताब्यात राहू द्या. ती एकदा वॉर्डनमार्फत पालकांपर्यंत गेली की दुसऱ्या आठवड्यात टेबल रिकामं. झोप उडालेला, जेवण सोडलेला मुलगा समोर आला तर हजेरीचं गणित बाजूला ठेवा, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर द्या आणि तिथेच बसून त्याला फोन लावून द्या. जिवाला धोका वाटला तर वॉर्डनला सांगावंच लागतं. हा एक अपवाद पहिल्या भेटीतच स्पष्ट करा.

सरकारी हॉस्टेलवर हे सगळं जरा किचकट होतं, कारण एकाच खोलीत बीए, डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगची मुलं असतात. आधी संबंधित खात्याची लेखी परवानगी घ्या. मग प्रत्येक कॉलेजचं वेळापत्रक मागवून इंटर्नलच्या तारखा एकाच मोठ्या कागदावर लिहून मेसच्या दाराशी चिकटवा. शिक्षक एकाच कॉलेजचा असला तरी चालतं, पण सीनियर मात्र किमान दोन कॉलेजांचे घ्या.