नॅरेशनला जाताय? आधी कागद करा

सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर पाटी आली. पायरसी हा गुन्हा आहे, थिएटरमध्ये चित्रीकरण केल्यास शिक्षा होईल, चोरीचा सिनेमा पाहू नका. मी पॉपकॉर्नचा डबा मांडीवर घेऊन ती पाटी शेवटपर्यंत वाचली. मग सिनेमा सुरू झाला आणि विसाव्या मिनिटाला माझी पोरगी पडद्यावर आली.

माझी म्हणजे मी लिहिलेली. माझ्या कथेत ती ऊसतोड कामगाराची मुलगी होती. कारखान्याच्या काट्याजवळ उभी राहून गाड्यांचं वजन वाचायची, बॉलपेनने हातावर लिहून घ्यायची आणि रात्री कोपीत परतल्यावर जुन्या कॅलेंडरच्या मागे उतरवायची. सातचा आकडा ती उलटा काढायची. एके दिवशी घामाने आकडे पुसले जातात तेव्हा ती आईला म्हणते, ‘आई, घाम आकडे खातो.’ पडद्यावर उसाचा फड नव्हता, उत्तरेतली दगडखाण होती. पोरगी ट्रकच्या खेपा हातावर लिहीत होती. सात उलटा होता. आणि मग ती म्हणाली, ‘माँ, पसीना गिनती खा जाता है.’

तीन वर्षांपूर्वी अंधेरीतल्या एका निर्मितीसंस्थेच्या ऑफिसात मी ही कथा सव्वा तास बसून ऐकवली होती. अशा ऐकवण्यालाच नॅरेशन म्हणतात. समोरच्यांचे डोळे भरून आले होते. ‘कळवतो,’ म्हणाले. कळवलं नाही. त्या कंपनीने याच सिनेमासाठी, प्रदर्शनाच्या आधीच, कोर्टातून पायरसीविरुद्ध मनाई हुकूम आणला होता. तो त्यांचा हक्कच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. दोनशे लोकांच्या कष्टाचा सिनेमा शुक्रवारी रात्री टेलिग्रामवर फुकट फिरतो ती चोरीच. पण माझी कथाही कोणाच्या तरी कष्टाची होती आणि ज्या कायद्याखाली त्यांनी हुकूम मिळवला त्याच कायद्यात माझंही नाव आहे.

वकिलाने मला तीनच प्रश्न विचारले. केव्हा ऐकवली? कोणाला? कशावर लिहिलेली होती? तारीख आठवत होती, पुरावा नव्हता. माणसं माहीत होती, ईमेल नव्हता. कथा वहीत होती, पण वहीवर तारीख नव्हती आणि ज्या फोनमध्ये मेसेज होते तो मी एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला होता. तिथेच सगळं संपलं. तेव्हापासून नवीन लिहिणाऱ्या प्रत्येकाला मी जे सांगते, ते इथे लिहून ठेवते.

आधी लिहा, मग बोला

आपल्याकडे ‘एक भन्नाट वनलाइन आहे’ म्हणून चहावर कथा सांगायची सवय आहे. ती सोडा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नुसत्या कल्पनेला संरक्षण नाही. १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे पक्कं केलं. आनंद यांचं ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक होतं आणि ‘न्यू दिल्ली’ हा सिनेमा त्यावरून उचलला, असं त्यांचं म्हणणं होतं. ते हरले. प्रांतवादाचा विषय कोणीही मांडू शकतो, असं कोर्ट म्हणालं. पण दोन्ही कलाकृती पाहणाऱ्याला दुसरी ही पहिलीची नक्कल आहे असं ठामपणे वाटलं तर हक्कभंग होतो, ही कसोटीही त्याच निकालाने दिली.

याचा अर्थ ‘काटामारी, म्हणजे वजनातली चोरी, पकडणारी मुलगी’ ही माझी नाही. पण हातावरचे आकडे, कॅलेंडरची मागची बाजू, उलटा सात आणि ते वाक्य, हे सगळं एकत्र, याच क्रमाने, माझं आहे. म्हणून सारांश अर्ध्या पानाचा करू नका. निदान दहा-बारा पानं लिहा, चार-पाच प्रसंग संवादांसकट पूर्ण लिहा. तुमच्या गावाचे, घराचे, धंद्याचे बारकावे त्यात येऊ द्या. विषय कोणालाही सुचतो, उलटा सात दोघांना एकाच वेळी सुचत नाही.

लिहून झालं की नोंदणी. कॉपीराइट लिहिल्याक्षणी निर्माण होतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. पण कोर्टात तारीख सिद्ध करायला ती कामी येते. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सदस्यत्व घेतलं की कथा, पटकथा, अगदी गाणंसुद्धा ऑनलाइन नोंदवता येतं. दुसरा रस्ता सरकारी कॉपीराइट कार्यालयाचा. फॉर्म १४ भरायचा, साहित्यकृतीची फी ५०० रुपये, आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबायचं. प्रमाणपत्र यायला वेळ लागतो, पण अर्ज केल्याचा डायरी नंबर लगेच मिळतो. मी दोन्हीकडे नोंदवते. ड्राफ्टमध्ये मोठा बदल झाला की पुन्हा नोंदवते. स्वतःलाच बंद पाकीट पोस्टाने पाठवायची जुनी युक्ती अजून ऐकू येते. तिच्यावर विसंबू नका.

२००८ चं उदाहरण लक्षात ठेवा. संगीतकार राम संपत यांनी एका मोबाईल कंपनीच्या जाहिरातीसाठी केलेली धून ‘क्रेझी ४’ च्या गाण्यांत वापरली गेली, म्हणून ते प्रदर्शनाच्या तोंडावर मुंबई उच्च न्यायालयात गेले. कोर्टाने ती गाणी ठेवून सिनेमा प्रदर्शित करायला मनाई केली आणि निर्मात्यांना तडजोड करावी लागली. त्यांच्या हाताशी रेकॉर्ड झालेली, आधीच वाजलेली धून होती. माझ्या हाताशी फक्त माझी आठवण होती.

खोलीत शिरताना

नॅरेशनची वेळ फोनवर ठरली तरी ईमेलवर पक्की करून घ्या. ‘मंगळवारी तीन वाजता अमुक कथा ऐकवायला येत आहे, कोण कोण असणार ते कळवावे.’ एवढं पुरतं. ऐकवून आलात की त्याच संध्याकाळी, घरी चहा टाकण्याआधी, दुसरा ईमेल जाऊ द्या. मी असा लिहिते:

‘नमस्कार. आज दुपारी तीन वाजता तुमच्या ऑफिसात मी माझी मूळ कथा तुम्हाला आणि अमुक-अमुक यांना ऐकवली. कथेची नोंदणी अमुक तारखेला झालेली आहे. सारांश सोबत जोडत आहे. ही कथा केवळ तुमच्या विचारासाठी, विश्वासाने सांगितली आहे. माझ्या लेखी संमतीशिवाय ती वापरू नये किंवा इतरांना सांगू नये. वेळ दिल्याबद्दल आभार.’

यातला ‘विश्वासाने’ हा शब्द गाळू नका. कल्पनेला कॉपीराइट नसला तरी विश्वासाने सांगितलेली गोष्ट परस्पर वापरली तर कोर्ट ते वेगळ्या अंगाने पाहतं. सनडायल कम्युनिकेशन्सने ‘क्रिश कन्हैया’ या मालिकेची कल्पना लिहून झी टेलिफिल्म्सपुढे मांडली होती आणि पुढे तशीच मालिका वाहिनीवर आली. २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या प्रकरणात विश्वासभंगाचा मुद्दा मान्य केला. लेखकांसाठी हा निकाल फार मोलाचा आहे.

ईमेल पाठवला की संबंध बिघडतील, अशी भीती सगळ्यांना वाटते. मलाही वाटायची. आजवर पाठवलेल्या अशा ईमेलमुळे माझं एकही काम गेलेलं नाही. दोन ठिकाणी उत्तर आलं नाही, आणि त्या दोन ठिकाणी काम तसंही मिळालं नसतं.

व्हॉट्सअॅपवरचं बोलणं दर महिन्याला एक्सपोर्ट करून ठेवा. जुना फोन विकू नका. डिजिटल पुरावा कोर्टात द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ उपकरण हाताशी असलं की ते सोपं जातं.

तो दोन पानी फॉर्म

काही निर्मितीसंस्था कथा ऐकण्याआधी रिलीज फॉर्म पुढे करतात. त्यात साधारण असं असतं, की आमच्याकडे अशाच कथा आधीपासून असू शकतात, पुढे साम्य आढळलं तर तुम्ही दावा करणार नाही. हे मला सगळ्यात जास्त टोचतं. ज्या कंपन्या सिनेमा येण्याआधीच अज्ञात चोरांविरुद्ध हुकूम घेतात, त्यातल्याच काही कंपन्या समोर बसलेल्या, नाव-पत्ता माहीत असलेल्या लेखकाकडून चोरीची आगाऊ माफी सही करून घेतात.

या हुकुमांना आपल्याकडे ‘जॉन डो’ किंवा ‘अशोक कुमार’ आदेश म्हणतात. २०११ मध्ये ‘सिंघम’ च्या वेळी दिल्ली उच्च न्यायालयाने तो दिला आणि मग रीघ लागली. २०१२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या अशाच एका आदेशानंतर व्हिमिओसारखी अख्खी साइट काही इंटरनेट कंपन्यांनी बंद केली. शिकाऊ मुलं तिथे स्वतःच्या शॉर्ट फिल्म ठेवायची, त्यांचं काम त्यांनाच दिसेना. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मात्र सांगितलं, सरसकट साइट बंद करून मिळणार नाही, नेमकी कोणती लिंक चोरीची आहे ते तपासून दाखवा. मला एवढंच म्हणायचं आहे, की पुराव्याचा हा काटेकोरपणा लेखकाला रोज लावला जातो. तो त्यांनाही लागला, हे बरं झालं.

तर फॉर्म आला की घरी नेऊन वाचा. दावा न करण्याचं कलम खोडून, शेजारी सही करून परत द्या. नाहीच मानले तर तिथे पूर्ण कथा ऐकवू नका, आधी लिहिलेलं दुसरं काहीतरी नमुना म्हणून वाचायला द्या.

काम मिळालं की

करारावर आनंदात सही होते. चार गोष्टी तरी पाहा. हक्क लेखी आणि सहीनिशीच दिले जातात. करारात मुदत लिहिली नसेल तर कायद्याने ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेतलेला हक्क एक वर्षात वापरला नाही तर तो तुमच्याकडे परत येतो, पण करारात वेगळं काही लिहिलं नसेल तरच. म्हणूनच ‘सर्व माध्यमांत, संपूर्ण विश्वात, कायमस्वरूपी’ ही ओळ तिथे असते. ती खोडायला सांगा, किंवा तिचे पैसे मागा.

२०१२ च्या दुरुस्तीनंतर, सिनेमागृहाबाहेर सिनेमाचा जो वापर होतो त्याच्या रॉयल्टीत लेखक, गीतकार आणि संगीतकार यांचा हक्क घेणाऱ्याइतकाच वाटा आहे, आणि तो सोडून दिल्याची सही कायद्यात टिकत नाही. जावेद अख्तर राज्यसभेत होते, त्यांनी ही दुरुस्ती लावून धरली म्हणून ती झाली. तरीही रॉयल्टी सोडल्याचं वाक्य करारात आजही भेटतं.

पैशांचे हप्ते ड्राफ्टला बांधून घ्या. ‘शूटिंग सुरू झाल्यावर’ असं असेल तर शूटिंग तुमच्या हातात नाही. श्रेयाची जागा आणि आकार लिहून घ्या. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे हक्क विकले तरी कलाकृती तुमची आहे हे सांगण्याचा अधिकार तुमच्याकडेच राहतो. ‘जंजीर’ च्या पोस्टरवर नाव नव्हतं म्हणून सलीम-जावेद यांनी मुंबईभर रंगारी लावून स्वतःचं नाव लिहवून घेतलं होतं. आपल्याला ते परवडणार नाही, आपण करारात लिहून घेऊ.

आणि तरीही चोरी झाली तर

पहिली रात्र फेसबुकवर काहीही लिहू नका. सिनेमा पुन्हा पाहा, तिकीट काढून पाहा आणि ते तिकीट जपून ठेवा. फोन बाहेर काढू नका. संतापाच्या भरात आपला सीन रेकॉर्ड करावासा वाटतो, माझाही हात पर्सकडे गेला होता. सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर थिएटरमध्ये चोरून चित्रीकरण केल्यास किमान तीन महिने कैद आणि तीन लाख रुपये दंड आहे, दंड निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. चोरीची प्रिंटही डाउनलोड करू नका. चोरीची तक्रार घेऊन जाणाऱ्याचे हात स्वच्छ असले पाहिजेत. हेच लिहितानाही लागू आहे. कोरियन सिनेमातला प्रसंग उचलून त्याला कोल्हापुरी साज चढवणारे आपल्यातही आहेत, आणि त्यांच्यामुळे आपल्या सगळ्यांचा शब्द हलका होतो.

अंधारात वहीवर खुणा करा, घरी येऊन तीन रकाने आखा. सिनेमातलं मिनिट, तिथे काय घडतं, माझ्या ड्राफ्टचं पान. साम्याच्या वीस ढोबळ जागांपेक्षा सात नेमक्या जागा भारी पडतात. मग असोसिएशनच्या तंटा समितीकडे अर्ज आणि वकिलाची नोटीस. ट्रेलर पाहूनच शंका आली असेल तर त्याच आठवड्यात हाला. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी धावत येणाऱ्यांवर मुंबई उच्च न्यायालय चिडतं. २०१७ मध्ये ‘फिल्लौरी’ च्या वेळी दावा करणाऱ्यावरच पाच लाखांचा खर्च बसला. उलट, वेळेवर आणि कागदांसह गेलेल्या ज्योती कपूर यांना २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ‘फिर से’ च्या प्रकरणात २५ लाख रुपये आणि श्रेय मिळालं.

मुंबईत राहत नसाल तर घाबरू नका. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे लेखक जिथे राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावू शकतो. सांगलीचा सांगलीत, लातूरचा लातुरात. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. कार्यालय बहुतेक ठिकाणी जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. जाताना नोंदणीचा कागद, त्या संध्याकाळच्या ईमेलची प्रत, थिएटरचं तिकीट आणि तीन रकान्यांचा तक्ता, सगळं एका फायलीत लावून न्या.